गिअरबॉक्समधली लापशी

दुष्काळ सरून पहिल्यांदा बरी म्हणावी अशी हळद निघाली, त्या साली मी हरिबाकडून जुनी पिकअप घेतली. हळद न्यायची सांगलीला, आलं साताऱ्याला, आणि दर खेपेला ट्रकवाल्याच्या मिनतवाऱ्या. जीव विटला होता.

हरिबा रहिमतपूरचा. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि विकायच्या हा त्याचा धंदा. पण माझी त्याची ओळख धंद्यातली नव्हे, टाळातली. आमच्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला कीर्तन होतं. टाळकऱ्यांच्या ओळीत तो माझ्या डाव्या हाताला उभा राही. बुवांनी चरण सोडला की तो उचलावा हरिबानंच. त्याचा आवाज चढला की माझ्या अंगावर काटा येई, आणि अशा माणसाच्या शेजारी उभं राहायला मिळतं, हेच माझं पुण्य असं मी समजत होतो.

गाडीचं बोलणं झालं तेव्हा त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली आणि म्हणाला, "माऊली, अशी मऊ चालती, की गाडीत बसलोय का घरात ते कळायचं न्हाई."

मी बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. कीर्तनातल्या माणसाची गाडी तपासायची म्हणजे त्याच्या माळेवरच शंका घेण्यासारखं वाटलं. गावापर्यंत गाडी खरोखर मऊ आली. माझ्या बायकोनं, मनुबाईनं, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. पुढं चार खेपा झाल्या असतील नसतील, तोवर गाडी घशात काहीतरी अडकल्यासारखी घुरघुरायला लागली, आणि औंधच्या चढाला गिअर आपोआप सुटून बाहेर आला. भरली गाडी मागं घसरायला लागली. क्लीनर म्हणून बसलेल्या सिद्धूनं उडी टाकून चाकाखाली धोंडा दिला म्हणून वाचलो.

माझा चुलतभाऊ गुंडा मिलिटरीच्या वर्कशॉपातून पेन्शनीत आलेला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटाची टिचकी मारली आणि हसायला लागला.

"दादा, हा पत्रा न्हाई. ह्ये पोतं हाय."

"काय बोलतोस?"

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तो आरपार गेला. गंजून पडलेल्या भोकांत पोत्याचे तुकडे कोंबून वरनं डांबर आणि रंग मारला होता. निंबाखाली गाडी लावून आम्ही एकेक वस्तू उघडायला लागलो. सीट उचललं तर खाली उंदरांचं घर. मेलेलं पिल्लू सुकून पत्र्याला चिकटलं होतं. ब्रेकची नळी एके ठिकाणी चिंधीनं गुंडाळून तारेनं आवळलेली, आणि चिंधी तेल पिऊन पिऊन जळवेसारखी फुगलेली. मनुबाई पदर नाकाला लावून चहा घेऊन आली, सीटखाली डोकावली आणि चहा तिथंच ठेवून परत गेली.

"अजून पोटात शिरलो न्हाई, वैनी," गुंडा म्हणाला. "आतडी निघायची हाईत."

तो गाडीखाली आडवा झाला, गिअरबॉक्सच्या बुडाचा नट सोडला आणि घमेलं सरकवलं. मला वाटलं, काळं तेल येईल. तेल आलंच नाही. आधी आंबूस, गोडसर वास आला. दावणीला कुजलेल्या पेंडीचा येतो तसा. मग काहीतरी सावकाश, गोळ्यागोळ्यानं घमेल्यात पडायला लागलं. करडी, चिकट लापशी. तिच्यात भुश्याचे कण, लोखंडाचा चुरा आणि काळ्या पडलेल्या लांबट दोऱ्या.

"ह्या दोऱ्या कसल्या रं?"

गुंडानं एक दोरी बोटावर घेतली, वास घेतला. त्याचं हसू गेलं. "केळं हाय, दादा. सालीसकट. लाकडाचा भुसा आन् पिकली केळी कुटून भरलीत. दाताड झिजलेलं असलं की गिअर वराडतो. ह्ये भरलं की गप ऱ्हातो. ईकून होईस्तोवर."

माझा हात घमेल्याच्या काठाला होता. ती लापशी मनगटावर आली. मी गोठ्यामागं जाऊन ओकलो. साबणानं हात धुतला, राखेनं धुतला, तरी तो गोड वास बोटांत राहिलाच. केळं. उपासाला आम्ही खातो ते. देवापुढं ठेवतो ते.

मी परत आलो तर गुंडा घमेल्याकडं बघत विचारात पडला होता. "एक सांगू? सांगलीला जाऊन जुना गिअर हुडकायचा म्हंजे लय भानगड हाय. त्यापरीस पुन्ना भरू. चार डझन केळी आन. कवठे महांकाळच्या बाजारात सोडून येऊ. तिकडं आपल्याला कोन वळखतंय?"

"भावजी," मनुबाई दारातून म्हणाली, "या घरातलं एक केळं मिळायचं न्हाई."

"वैनी, चेष्टा केली."

"चेष्टा न्हवती ती. आन् आवं, तुमी." ती माझ्याकडं वळली. "परवा एकादशी हाय. त्या हरिबाच्या पाया पडनार का न्हाई, ते आधी ठरवा. गाडीचं मागनं बगू."

आमच्यात कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. थोरला धाकटा बघत नाहीत, कोण कुणाचा देणेकरी तेही बघत नाहीत. समोर येईल तो माऊली, त्याच्या पायावर डोकं टेकायचं आणि त्यानं आपल्या. खरं सांगायचं तर कीर्तनात मला सगळ्यात गोड तीच घटका लागते. तिथं एकाला वगळायचं म्हणजे सगळ्याच टाळकऱ्यांना वगळल्यासारखं. आणि न वगळावं, तर हे डोकं त्या पायांवर ठेवायचं कसं?

गुंडा सांगलीला जाऊन भंगारवाल्याकडनं गिअर घेऊन आला. डबा घासलेटनं किती वेळा धुतला, तरी कोपऱ्यांतनं भुसा निघतच होता.

एकादशीला हरिबा नेहमीसारखा वेळेआधी आला. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळाला बुक्का. मी त्याला देवळाच्या मागं बाजूला घेतला.

"हरिबा, गिअरबॉक्स उघडला."

"उघडला?" त्याला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. "उघडायचा न्हाई रं! न उघडता दिवाळीपातूर गेला आसता."

"चढावर गाडी मागं आली. सिद्धू मेला आसता."

"मेला का? न्हाई न्हवं? पांडुरंग राखतोय."

"तुमी माळ धरून सांगितलंवतं."

"काय सांगितलं? मऊ चालती म्हनलं. न्हाई चालली मऊ?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कृष्णात, धंदा धंद्याच्या जागी, भजन भजनाच्या जागी. दोन्ही कालवायचं नसतं बाबा. चल, बुवा उभं ऱ्हायलं."

कीर्तन सुरू झालं. मी माझ्याच जागी उभा राहिलो; ती का सोडावी? बुवांनी चरण सोडला आणि माझ्या डाव्या हाताला हरिबानं तो उचलला. मला वाटलं होतं, आज तरी त्याचा आवाज खोटा लागेल. नाही लागला. नेहमीपेक्षाही रसाळ लागला. बायकांतून हुंदके ऐकू आले. मी तिरपं पाहिलं तर हरिबाच्या गालांवरनं पाणी ओघळत होतं. खरं पाणी. ढोंग असतं तर सोपं होतं. ढोंग्याची कीव करून मोकळा झालो असतो. पण हा माणूस देवापुढं खरोखर विरघळत होता, आणि उद्या सकाळी खरोखर केळी कुटणार होता, आणि यातलं काहीच त्याला कुठं टोचत नव्हतं. त्या घमेल्यापुढं आली नव्हती एवढी शिसारी मला आली. टाळ हातात होते, ते वाजत होते.

आरती झाली. पाया पडणं सुरू झालं. मी बुवांच्या पडलो, विणेकऱ्याच्या पडलो. मग हरिबा समोर आला. वाकून त्यानं माझ्या पायावर कपाळ टेकलं. त्याच्या डोळ्यांचं पाणी माझ्या अंगठ्यावर पडलं, कोमट. पाय मागं ओढावा असं झालं. ओढला नाही.

तो उठला आणि दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. माझी पाळी होती. मी उभाच. त्याच्या मागं ओळ तुंबली. कुणीतरी मागनं म्हणालं, "काय झालं रं पुढं?" हरिबाच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्याचं काय करावं हे त्याला कळेना.

"चला हरिबा, पुढं व्हा," मी म्हणालो. "मागं मानसं खोळंबलीत."

तो पुढं सरकला. त्याच्या मागं सिद्धू होता. सिद्धूनं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मग मी गुडघे टेकून त्याच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवलं, आणि रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ तसाच राहिलो.