भागोजींच्या गाऱ्हाण्याला मी नव्हते

मित्रांनो, मी वरच्या जबड्याची एक जुनी कवळी आहे. मला पाचवं वर्ष लागलंय, म्हणजे आमच्यात मी म्हातारीच. दात गेल्यावर कवळी करतात असं तुम्हाला वाटत असेल. मी मात्र दात जागेवर असतानाच तयार होऊन रत्नागिरीच्या एका दवाखान्यात डबीत बसले होते. भागोजींचे वरचे उरलेसुरले हलते दात काढायचे आणि त्याच बैठकीत मला बसवायचं, असं डॉक्टर मनस्विनींनी ठरवलं होतं.

घाई होती ती शिमग्याची. भागोजी गावचे मानकरी. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्याच्या आदल्या वर्षी घरात दुखवटा होता. पत्नी सखूबाई गेल्या होत्या, म्हणून ते गेलेच नाहीत. या खेपेला मात्र उभं राहायचं होतं आणि शब्द स्वच्छ यायला हवे होते.

इंजेक्शनं झाली, दात निघाले, मी बसले. मी पडले प्लास्टिकची, मला दुखणंखुपणं कळत नाही. त्या दुपारी त्यांचं तोंडही माझ्यासारखंच झालं होतं.

"उद्या सकाळी मी बघेपर्यंत हिला काढायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "हिरड्या सुजल्या तर ही परत बसायची नाही."

एसटीत सून नम्रताने विचारलं, "बाबा, काय वाटतंय?"

"काय नाय वाटत."

सखूबाई गेल्यापासून तिला हेच उत्तर मिळत होतं. भागोजी रडले नव्हते, चिडले नव्हते. पानात पडेल ते मुकाट्याने जेवत आणि ओटीवर बसून राहत.

संध्याकाळी ते गाऱ्हाण्याचे शब्द घोळवायला देव्हाऱ्यासमोर बसले. वहाणा दाराबाहेर ठेवल्या, टोपी नीट केली आणि एकदम थांबले. "देवाफुडं खोटं दात घेवन कसा बोलू?" असं पुटपुटत त्यांनी मला ओढून काढलं आणि पाण्याच्या वाटीत ठेवलं. दुखलं असणारच, पण चेहरा हलला नाही. त्यांची भक्ती खरी होती. पण मी काही वहाण नव्हते, हे त्यांना कोण सांगणार?

सकाळपर्यंत हिरड्या टरारून सुजल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सूज उतरेपर्यंत माझा उपयोग शून्य.

पालखी आली तेव्हा मी नम्रताच्या हातातल्या डबीत होते. भागोजी नारळ घेऊन उभे राहिले. शब्द ओठांतून नुसते वाऱ्यासारखे सुटत होते, 'स'चा 'फ' होत होता. पोरं खुदखुदली. मला फार शरम वाटली. पण गावाला गाऱ्हाणं तोंडपाठ होतं. कळो न कळो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी नेमक्या जागी सगळे गरजत होते, "होय म्हाराजा!"

शेवटी त्यांनी गाऱ्हाण्यात नसलेलं एक वाक्य घातलं. "माझी फखू तुझ्याकडं आली हाय. तिला फांभाळ, म्हाराजा."

ते कुणाला पाठ नव्हतं. पण पोरंसुद्धा हसली नाहीत. सगळ्यांत आधी नम्रता ओरडली, "होय म्हाराजा!" तिच्यामागून सगळा गाव ओरडला.

भागोजी मटकन खाली बसले. नारळ मांडीवर, डोळ्यांना धार लागलेली.

"बाबा, दुखतंय?" नम्रताने विचारलं.

"व्हय गो," ते म्हणाले. "लय दुखतंय."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. डबी तिने घट्ट धरली होती.

मित्रांनो, त्यानंतर महिन्याभराने मला घासूनपुसून पुन्हा बसवलं, आणि पुढची सगळी गाऱ्हाणी मी खणखणीत म्हटली. तरी तुमच्या घरी माझी एखादी नवी बहीण आली, तर पहिला दिवस तिला हलवू नका. आणि घरातलं माणूस "काय नाय वाटत" म्हणालं, तर नम्रतासारखं पुन्हा विचारा.