खजूरला घर आन् गुरुजींना कोंबडा

लोह्याच्या बसस्टँडासमोर श्रीशैलचं हॉटेल हाय. तिथं सकाळच्या पारी चुरमुऱ्याच्या सुशिल्याची प्लेट संपायच्या आत दोन थोराड माणसांनी पैज लावली. जो हरंल त्यानं भर चौकात कोंबडा व्हायचं. मांड्यांखालून हात घालून, कान धरून, वीस आकडे मोजूस्तोवर.

एक होता शेषेराव. वय सत्तेचाळीस, धंदा छोटा हत्ती टेम्पो चालवायचा आन् छंद दुसऱ्याची फजिती करायचा. एक सिमेंटची गोणी उतरवायच्या आत तीन थापा मारणार, असा त्याचा हिशोब. दुसरे शेजारचे शरदचंद्र गुरुजी, रिटायर हेडमास्तर. गुरुजींनी तीस वर्षांत निम्म्या तालुक्याला वर्गाबाहेर कोंबडा करून उभं केलं होतं. आठवीत शेषेराव तर इतक्या बारी कोंबडा झाला की पोरं म्हणायची, ह्याचं आता फक्त आरवायचंच राहिलंय.

भांडणाचं कारण होती गुरुजींची भाची मालविका. ती नांदेडात कॉलेजवर शिकवते आन् गावाबाहेरच्या एका शेतात पत्र्याचं शेड टाकून बेवारस कुत्र्यांचा आसरा चालवते. शेताच्या मालकानं जमीन विकली. तिनं महिनाभर पायपीट करून तीस कुत्र्यांना घरं शोधली. एक तेवढं उरलं. रंगानं खजुरासारखं म्हणून नावही खजूर. वय अकरा वर्षं, दोन्ही कान ठार बहिरे.

"पुढच्या रविवारी शेड रिकामं करायचंय," मालविका चहाचा कप नुसताच हातात धरून सांगत होती. "तोवर घर मिळालं नाही तर त्याला हैदराबादकडच्या मोठ्या आसऱ्यात पाठवावं लागेल. तिथं तीनशे कुत्री आहेत. मागे चार दिवस ठेवला होता, तर अन्नाला शिवला नाही. यावेळी पाठवला की परत येत नाही तो."

"अगं, म्हातारा, वरून बहिरा! कोण घेणार?" गुरुजी म्हणाले. "लोक इथं सख्ख्या बापाला वाटून घेतात, महिना तुझ्याकडं, महिना माझ्याकडं."

शेषेरावचा घास थांबला. लेकीसारख्या पोरीचे डोळे भरलेले आन् मामा म्हणी सांगून राहिला, हे काय त्याला पटंना.

"मी देतो घर मिळवून. रविवारच्या आत."

"तू? शेष्या, तू आजवर खरा पत्ता तरी कुणाला दिलास का?"

"लावता पैज?"

"लावतो. पण गल्लीतलं घर चालणार नाही. तुझ्या भिडेखातर कुणी ठेवला तर ते घर नव्हे. आणि तीन दिवस टिकला पाहिजे."

"कबूल. आन् हारणाऱ्यानं कोंबडा."

श्रीशैलनं गल्ल्यावरून साक्ष दिली. गुरुजी हसत हसत घरी गेले, कारण नापास हा शब्द त्यांनी फक्त पोरांच्या प्रगतिपुस्तकात पाहिला होता.

शेषेरावनं मग त्याच्या पद्धतीनं काम सुरू केलं. लातूरला अंबरीश सर आन् भार्गवी मॅडम म्हणून मास्तर जोडपं होतं. त्यांच्या नव्या घराचं फर्निचर यानंच वाहून नेलेलं. त्यांना कुत्रा हवा होता, पण तरणा, हुशार, दिसायला टाप. शेषेराव फोनवर म्हणाला, "पाच वर्षांचा हाय मॅडम. एकदम जवान."

आता खजूरचं तोंड तर पांढरंफेक. शेषेरावनं घरी येऊन तव्याची काजळी खरवडली, खोबरेलात कालवली आन् खजूरचं थोबाड काळंभोर करून टाकलं. त्याची बायको साखराबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"काय करून राहिलात हे?"

"मेकअप."

"स्वतःच्या मिशा रंगवता तेवढं पुरं न्हाई व्हय? मुक्या जनावराला तरी खरं राहू द्या."

खजूर शांत बसून होता. काजळी लावताना त्यानं शेषेरावचा हात चाटला, त्यामुळं दोन बारी परत लावावी लागली.

लातुरात पहिला अर्धा घंटा झकास गेला. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. अंबरीश सरांनी तीनदा हाक मारली, खजूर जागचा हलला न्हाई.

"येत का नाही हा?"

"लई मानी हाय सर," शेषेराव म्हणाला. "हाक मारली की येत न्हाई. जवळ जाऊन इनंती करावी लागती. नवाबाच्या घराण्यातला हाय."

सर खूश झाले. शेषेराव टेम्पो घेऊन मार्केट यार्डात गेला, भाड्याचा माल भरला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातून निघणार तोच भार्गवी मॅडमचा फोन आला. असा की कानाला लावायची गरजच पडली न्हाई.

पोरांचे गाल काळे, सोफा काळा, सरांचा पांढरा सदरा पुढून काळा आन् खजूरचं तोंड पांढरं. वरून डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, हे जनावर अकराच्या खाली नाही आन् याला ऐकू येत नाही.

"म्हातारा आहे म्हणून नाही परत देत," भार्गवी मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या. "तुम्ही फसवलंत म्हणून देतेय. आता याच्याबद्दल दुसरं काही सांगाल, तर त्यावर तरी विश्वास कसा ठेवू?"

शेषेरावनं खजूरला उचलून टेम्पोत ठेवलं. खजूर मात्र मागच्या फळीवर पाय ठेवून त्या घराकडं बघत राहिला. एका रात्रीत त्याला ते घर आपलं वाटलं होतं. टेम्पो वळला, घर दिसंनासं झालं, तरी तो तिकडंच बघून राहिला. आरशात ते दिसलं आन् शेषेरावनं आरसा दुसरीकडं फिरवला.

मालविकाला फोन केला. ती ओरडंल असं वाटलं होतं. ती ओरडली न्हाई. नुसती म्हणाली, "काका, खोटं बोलून मिळालेलं घर त्याला परत सोडावं लागलं. आता तो दुसऱ्यांदा सोडलेला कुत्रा झाला." आन् फोन ठेवला.

तो बुधवार होता.

अहमदपुरात वरात आडवी आली. लगनसराई जोरात, रस्ता बंद. बँडवाल्यांनी असा कहर केला की पानटपरीच्या काचा थरथरल्या, रस्त्यावरची गावठी कुत्री शेपट्या घालून गल्ल्यांमधी पळाली, एक बैल तर दावं तोडून निघाला. शेषेरावनं मागं वळून बघितलं. खजूर फळीवर हनुवटी टेकून निवांत झोपलेला. तुतारीवाला अगदी त्याच्या कानाशी येऊन फुंकून गेला. ह्याची पापणी हलली न्हाई.

शेषेराव बघत राहिला, बघत राहिला, आन् एकदम स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला, "अरे, गुरुपादप्पा!"

मुखेडात गुरुपादप्पांची बँड पार्टी हाय. घर गावाच्या कडेला, अंगणातच तालमीचं शेड. लग्नाच्या दिवसांत पार्टी गावोगाव जाती आन् घरी गुरम्मा अक्का एकटी. मागच्या साली शेडातून सनई चोरीला गेली, तवापासून त्यांनी चार कुत्री पाळली. चारी पहिल्याच तालमीला पळाली. एक तर थेट कर्नाटकात सापडलं म्हणतात. मुखेड-लोह्यात सगळ्यांना माहीत होतं की अप्पांच्या घरी कुत्रं टिकत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेषेराव खजूरला घिऊन अप्पांच्या अंगणात हजर. या बारीला त्यानं खजूरचं तोंड साबण लावून धुतलं होतं. कापसासारखं पांढरं.

"अप्पा, कुत्रा आणलाय. अकरा वर्षांचा हाय. म्हातारा हाय. दोन्ही कानानं बहिरा हाय. काल लातूरकरांनी परत केला, कारण मी खोटं बोललो."

गुरुपादप्पा खाटेवर बसून ढोलाची दोरी आवळत होते. त्यांनी वर बघितलं आन् पोट धरून हसले.

"शेषेराव, मागच्या दिवाळीला तू मला सांगितलास लोह्याला वरात हाय. मी अठरा माणसं घिऊन गेलो. तिथं तुझा तो हेडमास्तर बनियनवर मेथी निवडत होता! आन् तू बहिरा म्हणतोस? म्हणजे ह्याचे कान वटवाघळाचे असणार."

"न्हाई अप्पा, खरंच बहिरा हाय."

"म्हातारा म्हणतोस, म्हणजे तरणा आन् चावरा."

"शप्पथ घेतो."

"तुझ्या शपथांची आम्ही चटणी करून खातो."

शेषेराव रडकुंडीला आला. एवढ्या थापा पचल्या, आन् आज पहिल्यांदा सरळ खरं बोलायला गेला तर गिऱ्हाईक भेटंना! त्यानं हात जोडले. "अप्पा, माझ्यावर इस्वास ठेवू नका. कुत्र्यावर ठेवा. वाजवा. हा हलला तर मी ह्याला घिऊन जातो, परत तोंड दाखवत न्हाई."

अप्पांनी शेडाकडं बोट केलं. पार्टी तालमीलाच बसली होती. रविकिरण ढोलावर, बाकीचे ताशा, पिपाणी, झांजा घिऊन उठले. खजूर अंगणाच्या मधोमध पोटावर पसरलेला.

"एक, दोन…"

अन् आभाळ फाटलं. पारवे उडाले, कोंबड्या कुडावरून शेजारी गेल्या, शेजारचं लेकरू रडायला लागलं. खजूरनं कूस बदलली. झांजवाला त्याच्या डोक्यावर वाकून वाजवू लागला. खजूर घोरला.

अप्पांच्या हातातली दोरी सुटली. "अबबब! खरं बोलला की रे हा माणूस!"

तेवढ्यात रविकिरण वाजवत वाजवत पुढं सरकला आन् ढोल जमिनीला टेकला. जमीन हादरली. खजूरनं डोळे उघडले. डोकं वर केलं. तो उठला, आखडलेल्या मागच्या पायांनी हळूहळू ढोलापाशी गेला आन् ढोलाच्या कातड्याला अंग लावून उभा राहिला. दर ठोक्याला त्याच्या बरगड्या थरथरत होत्या. किती वर्षांनी त्याला काहीतरी ऐकू आलं होतं, कानानं न्हाई, हाडानं. शेपूट हलायला लागली. पहिल्यांदा अर्धवट, मग ठेक्यात.

रविकिरणनं ठोका हलका केला, अगदी पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसा. बाकीच्यांनी एकेक करून वाद्यं खाली घेतली.

गुरम्मा अक्का चुलीपुढून उठून दारात आली होती. पदराला हात पुसत ती खजूरपाशी गेली. "बा, बा इल्ली," तिनं कानडीत जवळ बोलावलं, मग तिच्याच लक्षात आलं आन् तिनं हात हलवला. खजूर हात बघून आला आन् तिच्या पायावर बसला.

"म्हातारा हाय, अक्का," शेषेराव परत म्हणाला. खरं बोलायची आता त्याला चटकच लागली होती. "दात बी कमी हायत. चोर धरायचा न्हाई."

"धरायला कशाला पायजे? दारात एवढं मोठं जनावर दिसलं की चोर येतोय कशाला? त्याला काय माहीत बहिरं हाय." अक्कानं खजूरचं पांढरं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आन् म्हातारं म्हणशील तर ह्या घरात तरणं कोण हाय? हे सोळा वर्षांपासून माझं ऐकत न्हाईत. आता दोघं झाले."

अप्पा खोकले. पार्टी हसली. "भाकरी मऊ करून घालीन," अक्का म्हणाली. "पण शेषेराव, परत न्यायला आलास तर ढोलाच्या काठीनं मारीन."

शेषेराव टेम्पोत जाऊन बसला आन् मालविकाला फोन लावला.

खजूर तिथं तीन दिवस राहिला. मालविका शनिवारी स्वतः मुखेडला जाऊन आली. तिला खजूर ढोलाला टेकून झोपलेला दिसला. शेजारी ताटली चाटून साफ. आल्यावर ती मामांसमोर उभी राहिली आन् एवढंच म्हणाली, "मामा, घर मिळालं."

रविवारी सकाळी लोह्याच्या चौकात पाय ठेवायला जागा न्हवती. शेषेरावनं कुणाला बोलावलं न्हवतं. म्हणजे फक्त श्रीशैलला सांगितलं होतं, एवढंच. बँकेचा मॅनेजर आला, एसटीचा कंडक्टर गाडी सोडून आला, दोन वकील, एक तलाठी, किराणावाला सुदर्शन. सगळे गुरुजींचे विद्यार्थी, सगळे कधी ना कधी कोंबडा झालेले. गुरुपादप्पांची पार्टी टेम्पोतून उतरली. गुरम्मा अक्कासंगं खजूर पुढच्या सीटवर.

गुरुजी आले. इस्तरीचं धोतर, कडक टोपी. शेषेराव पुढं झाला.

"गुरुजी, गुडघे दुखतेत तुमचे. जाऊ द्या. माफ केलं."

"गप बस! मी कधी तुला माफ केलं होतं का?" गुरुजींनी टोपी काढून मालविकाच्या हातात दिली. "शिक्षा ती शिक्षा. आणि पोरी, तुझा मामा चुकला होता, हेही लोकांना सांग." त्यांनी धोतर खोचलं, कण्हत कुथत वाकले, मांड्यांखालून हात घातले आन् कान धरले.

चौक दणाणला. मागून कंडक्टर ओरडला, "गुरुजी, कंबर वर! आम्हाला असंच म्हणायचे तुम्ही!"

"वर घेतोय, गाढवा!"

रविकिरणनं ढोलावर ठोका धरला. शेषेराव कमरेवर हात ठेवून, गुरुजींच्याच आवाजात मोजू लागला. "एक. दोन. तीन." लोक संगं मोजू लागले. गुरुजींचा चेहरा टोमॅटोसारखा लाल, पण मिशीखालून हसू फुटलेलं. "सोळा. सतरा. अठरा. एकोणीस…"

शेषेराव थांबला. सगळा चौक थांबला.

"…चौदा. पंधरा."

खालून, मांड्यांच्या मधून, हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला, "शेष्या, तुझं गणित आठवीत कच्चं होतं आणि आजही कच्चंच आहे!"