पंपवाल्याच्या घरची विहीर

मुलांनो, नाल्याच्या वाळूत कधी झिरा खणलाय? हातांनी वाळू उकरत गेलं की चहूबाजूंनी पाणी झिरपत येतं आणि खड्ड्याच्या तळाशी साचतं. आता असाच एक खड्डा मनात आणा, पण इतका मोठा की तुमचं अख्खं गाव त्यात मावेल, शाळा आणि पाण्याच्या टाकीसकट. काठावरून खाली पाहिलं तर कोळशाचे ट्रक मुंगळ्यांएवढे दिसतात. वणीकडे अशा खाणी आहेत. आजूबाजूच्या शिवारातलं पाणी त्यांच्याही तळाशी झिरपत येतं, आणि ते उपसून बाहेर टाकल्याशिवाय कोळसा काढता येत नाही.

रामधन ते पाणी उपसायचा. पूर्वी तो शेती करत असे. खाणीत शेत गेलं, त्या बदल्यात नोकरी मिळाली, आणि पऱ्हाटीच्या ओळींतून हिंडणारा माणूस पंपाच्या आवाजाकडे कान लावून बसू लागला. पगार वेळेवर होत होता. घर पक्कं झालं, थोरल्या वैष्णवीचं लग्न बाभुळगावला नीट पार पडलं. फक्त दुपारी सुरुंग उडाले की त्या पक्क्या घराच्या भिंतीला एखादी नवी चीर पडायची, आणि अंगणातली विहीर दर उन्हाळ्यात आणखी खाली जायची.

वैष्णवी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीची पूजा करते, स्वतःच्या हाताने पाणी शेंदते आणि भरली घागर डोक्यावर घेऊन घरात येते. मगच ती सासरी जाते. धाकट्या खुशीच्या वेळी तिची आई विमल हिने याच विहिरीवर पूजा केली होती. वैष्णवीचीही इथेच व्हायची, यात कुणाला शंका नव्हती. बायकांना बोलावणी गेली, आणि नेमका त्याच आठवड्यात विहिरीचा तळ उघडा पडला.

शेजारणी म्हणाल्या, आता पुष्कळ जणी नळाचीच पूजा करतात. पण नळ तरी कुठे येत होता? गावाला खाणीचा टँकर पाणी पुरवायचा. सून न्यायला बाभुळगावहून आलेल्या वैष्णवीच्या सासूबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "इहीनबाई, मंग टँकरचीच पूजा करू. डायवरले बी कुकू लावून टाकू." सगळ्या हसल्या. विमल तेवढी हसली नाही.

खुशी तिसरीत होती. संध्याकाळी वडील कामावरून येऊन बूट काढत होते, तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, पंप तुमीच चालवता ना? मंग एक दिवस बंद काहून नाही ठेवत?"

"तसं नसते बाई."

"मंग कसं असते?"

रामधनने बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी मात्र तो पंपांचं काम बघणाऱ्या अनिमेष साहेबांकडे गेला. साहेब वयाने लहान आणि मऊ बोलणारा. त्याने रामधनला बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं, की पंप थांबला तर पाणी चढेल, खालची यंत्रं आणि माणसं अडकतील. शिवाय विहिरीतून एकदा निघून गेलेलं पाणी एका रात्रीत परत येत नाही, कारण खाण विहिरीपेक्षा कितीतरी खोल आहे. रामधनने सगळं ऐकून घेतलं.

"मले मालूम हाय साहेब," उठताना तो म्हणाला. "पोरगी विचारून राह्यली होती, म्हणून आलतो."

पूजेच्या दिवशी सकाळीच त्याने घरातला टँकरच्या पाण्याने भरलेला ड्रम विहिरीत रिता केला. विमलने ते दारातून पाहिलं. तळाशी पाणी चमकलं. बादलीभर निघालं तरी पुरे होतं. पण उन्हं चढून बायका जमेपर्यंत ते मुरून गेलं. कुठे गेलं असेल, हे रामधनला कुणी सांगायला नको होतं.

वैष्णवीने काठाला हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली आणि बादली सोडली. दोर सुटत राहिला. मग दगडावर बादली आपटल्याचा आवाज आला. तिने दोर हलवून पाहिला, पुन्हा सोडून पाहिला. बादली वर आली तेव्हा तिच्या कडेला थोडी ओली माती लागली होती. गाणं म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. सासूबाई मांडीवरल्या नातीचं टोपरं सारखं करत बसल्या. रामधन कामाचे बूट घालून घराच्या उंबऱ्याशी उभा होता. त्याला पुढेही येववेना आणि कामावरही जाववेना.

शेवटी विमलने रिकामी घागर उचलली, लेकीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर घागर ठेवली.

"चाल," ती म्हणाली.

वैष्णवी निघाली. रिकामी घागर डोक्यावर डुगडुगत होती, हाताने धरावी लागत होती. मागून चालणाऱ्या बायका खाली बघत होत्या.

तेव्हा खुशी धावत पुढे गेली. वाटेतल्या पोरांना तिने दोन्ही हातांनी मागे सारलं, हलेना त्याला धपाटा घातला. मग उंबऱ्याशी उभ्या असलेल्या वडिलांसमोर जाऊन थांबली आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "बाबा, बाजूले व्हा. पाणी सांडन."