गुडघ्यातली काळी सावली

मित्रांनो, पेन्सिलीहून बारीक, पोलादी अंगाची आणि टोकाला तिरपी काच असलेली एक जुनी दुर्बीण तुमच्याशी बोलते आहे. आकाशातले तारे मी कधी पाहिले नाहीत. माणसांचे गुडघे मात्र आतून शेकड्यांनी पाहिले.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात काचेच्या कांड्या एकापुढे एक बसवल्या आणि मला हैदराबादला, कोठीजवळच्या एका दवाखान्यात धाडलं. गुडघ्याला हरभऱ्याएवढं छिद्र पाडून मला आत सोडत आणि मी पाहीन ते पडद्यावर उमटे. त्यामुळे कितीतरी गुडघे उघडावेच लागले नाहीत. सुरुवातीला मला फुलासारखं जपत. पुढे सवय झाली तशी हेळसांड वाढली. एके दिवशी कुणीतरी मला धुण्याच्या ट्रेमध्ये टाकलं आणि वर जड ड्रिल ठेवलं. माझ्या काचेची कड कचकन टवकली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्रिवेणीचं ऑपरेशन होतं.

चिक्कडपल्लीची ही मुलगी कॉलेजच्या संघातून खो-खो खेळायची. खांबाशी वळताना तिचा गुडघा खांबावर आपटला होता. राज्याच्या संघाची निवड तोंडावर होती, म्हणून तिने घरी सांगितलंच नाही. दुखणं दबवणारा स्प्रे मारून खेळत राहिली. शेवटी मैदानातच गुडघा अडकला. वाकेना, सरळही होईना.

तिच्या वडिलांचं, एकनाथरावांचं, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान होतं. ते थिएटरच्या दारापर्यंत आले आणि डॉक्टर वंदनांना म्हणाले, "मॅडम, गुडघा खोलायचा नाही बघा. आमच्या दत्तोबादादाचा खोलला होता. त्याला अजून मांडी घालता येत नाही."

"दुर्बिणीनेच करायचं ठरवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हाडावरची गुळगुळीत कूर्चा फुटली आहे. जखम लहान असली तर खालच्या हाडाला बारीक भोकं पाडू. त्यातून रक्त येऊन गोठेल आणि नवा थर धरेल. पण जखम मोठी निघाली तर गुडघा उघडावा लागेल. कमी भार पडणाऱ्या जागेवरून कूर्चा काढून तिथे बसवावी लागेल. आत पाहिल्याशिवाय शब्द देता येणार नाही."

"मग तशी वेळ आली तर आधी मला विचारा."

त्रिवेणीच्या कमरेत इंजेक्शन दिलं होतं. पाय बधिर होते, पण ती जागी होती आणि पडद्याकडे टक लावून पाहत होती. मी आत शिरले. मिठाच्या पाण्यात कूर्चेचा एक पांढरा तुकडा तरंगत होता. गुडघा अडकवणारा तोच. डॉक्टरांनी दुसऱ्या छिद्रातून चिमटा घालून तो काढला. मग जखम समोर आली.

जखमेच्या कडेपासून एक काळपट पट्टा पुढे पसरलेला दिसत होता.

"बरीच मोठी दिसते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "भाग्यलक्ष्मी, वडिलांना विचारून या. उघडावं लागेल असं वाटतंय."

सिस्टर भाग्यलक्ष्मी धावतच बाहेर गेल्या. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की ते काळं माझं आहे, तिचं नाही! पण मला दिसतं, बोलता येत नाही.

सिस्टर परत आल्या. "मॅडम, ते रडायलेत. म्हणाले, पोरीला विचारा, ती म्हणेल तसं."

त्रिवेणीने पडद्यावरून नजर काढून डॉक्टरांकडे पाहिलं. "उघडायचाच असेल तर उघडा," ती म्हणाली, "पण डॉक्टर, त्याआधी एकदा नीट बघा ना. प्लीज."

चाकू तयार होता. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले, मग कॅमेरा स्थिर धरून मला जागच्या जागी सावकाश फिरवलं. जखम होती तिथेच राहिली. काळा पट्टा मात्र माझ्याबरोबर वळला आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला.

"अरे! ही तर दुर्बिणीची काच टवकली आहे!"

त्यांनी टवकलेली बाजू जखमेपासून दूर ठेवून मापाच्या खुणा असलेल्या सळईने जखम पुन्हा मोजली. ती करंगळीच्या नखाएवढी होती. मग सैल कडा साफ केल्या आणि हाडात बारीक भोकं पाडली. पाणी थांबवताच त्यांतून रक्ताचे थेंब वर आले. त्रिवेणी आता मोठ्याने रडत होती. तिला रडू दिलं.

निवड तिच्याविना झाली. दीड महिना कुबड्या, मग कित्येक महिने व्यायाम. घाई केली तर नवा थर निघून येईल, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि या खेपेला तिने ऐकलं. पुढच्या हंगामात भाग्यलक्ष्मी सिस्टरांनी थिएटरमध्ये फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्रिवेणी खांबाला वळसा घालत होती, आणि कडेला एकनाथराव चप्पल हातात घेऊन ओरडत होते, "पळ गं माय, पळ!"

मला आता कामावरून काढलं आहे. शिकाऊ डॉक्टर मला प्लास्टिकच्या गुडघ्यात फिरवून हात बसवतात. बाळांनो, हत्याराला आणि शरीराला, दोघांनाही वेळीच जपा. गुडघा दुखला तर सामना संपेपर्यंत थांबू नका. त्याच संध्याकाळी घरी सांगा.