सायकलीवर डूख धरलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा मोठ्या मनाच्या असतात. छत्री म्हणते, जाऊ दे. खुर्ची म्हणते, चालायचंच. माझं तसं नाही. मी डूख धरणारा आहे, आणि आज जिथून बोलतोय ती जागाही मला सूडापायीच मिळाली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून तळ निघाला, त्यावर जाळीचं कापड चिकटलं, टाचेला जाड रेक्झिन शिवलं गेलं आणि डाव्याबरोबर माझी खोक्यात रवानगी झाली. आम्हाला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या एका बाईनं. तिला पळण्याचं भारी वेड. दुकान उघडायच्या आधी ती आम्हाला घालून नदीकाठच्या रस्त्यानं पळायची. शर्यतीत ती कुणासाठी थांबायची नाही. पुढचा दमलेला दिसला की तिला उलट जोर यायचा. एकदा पदक मिळालं, तेव्हा ते गळ्यात घालायच्या आधी तिनं आम्हाला ओल्या फडक्यानं पुसलं. ते मी विसरलेलो नाही.

मग तिचा गुडघा कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "पळणं बंद. सायकल चालवा." एवढ्या चार शब्दांत माझं वाटोळं झालं.

माझ्या नशिबी सवत आली म्हणा ना. लाल, सडपातळ, तोऱ्यात उभी राहणारी. तिच्याबरोबर नवे बूटही आले, तळाच्या पट्टीनं पेडलमध्ये खटकन अडकणारे. त्यांना धड चालताही येत नाही, फरशीवर बदकासारखे फतकफतक करतात, पण सगळा मान त्यांचा. आणि मी? गॅलरीच्या फरशीला उतार आहे, सायकल घसरते, म्हणून मला आडवं करून, तळ टायरला टेकवून, तिच्या मागच्या चाकाखाली अडसर म्हणून सारलं. ज्यानं जन्मभर धावायचं काम केलं, त्याला दुसऱ्याला अडवून धरायला बसवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण माझ्या तळाच्या खाचेत शेवटच्या पळण्यातला एक काचेचा तुकडा रुतलेला होता. तळ कुणी पाहिलाच नाही, तर दिसणार कसा? बाई रोज भिंतीला धरून सायकलवर बसायची आणि बूट पेडलात अडकवायचा, सोडवायचा सराव करायची. तिचं वजन पडलं की चाक माझ्यावर दाबलं जायचं. मग मीही काच टायरमध्ये दाबायचो. रोज थोडी. मला घाई नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती सायकलवाल्यांच्या एका टोळीबरोबर जाऊ लागली. टोळीचे म्होरके एक निवृत्त बसचालक होते, सगळे त्यांना काका म्हणत. पहिल्याच वेळी बाईनं शेवटच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकलं आणि छाती काढून उभी राहिली. काका सावकाश पोचले. म्हणाले, "आमच्यात पहिलं कुणी येत नसतं, पोरी. शेवटचा पोचला की सगळे पोचले." हे तिनं घरी येऊन गॅलरीतच नवऱ्याला हसत हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नवऱ्यानं विचारलं, "मग हे जुने बूट भंगारात देऊ का?"

"लांबची राइड होऊ दे. अंधार पडायच्या आत परत आले, तर देऊन टाक."

म्हणजे ती पोचली की मी संपलो. आता माझी सगळी भिस्त त्या काचेवर होती.

नवे बूट चालायच्या कामाचे नाहीत, म्हणून थांब्यावर घालायला तिनं आम्हा दोघांना सीटमागे बांधलं. टोळीतलं कुणीतरी म्हणालं, "मधूनच पळून जायचा विचार आहे वाटतं." सगळे हसले. मी दात-ओठ खात लटकत राहिलो. परतीच्या वाटेवर घाटाच्या माथ्यावर धाडकन आवाज झाला. मागचा टायर फाटला होता. मित्रांनो, इतका आनंद मला पदकाच्या दिवशीही झाला नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे, मी बघते," बाई म्हणाली. पळणाऱ्यांत तशीच रीत असते. पण काकांनी हात वर केला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला खूण केली, आणि सगळी टोळी वळून परत आली. कुणी सायकल धरली, कुणी पाणी दिलं, कुणी ट्यूब काढली. बाई आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरून आले. माझा डाव माझ्यावरच उलटत होता.

काकांनी टायरमध्ये बोट फिरवलं. "नुसती ट्यूब बदलून भागायचं नाही. या फटीतून बाहेर येईल. आतून काहीतरी जाड लावायला पाहिजे."

बाईनं मला सोडलं आणि उलटं केलं. कितीतरी दिवसांनी माझा तळ कुणीतरी पाहत होतं. काच उन्हात चमकली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तूच," ती म्हणाली. मग काकांकडे हात पसरला. "पातं द्या. याच्याकडूनच वसूल करते."

तिनं माझ्या टाचेचं रेक्झिन कापलं आणि टायरच्या आत, फटीवर बसवलं. अंधार पडायच्या आत ती सगळ्यांच्या मागून पोचली. "पोचले सगळे," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी डावा आणि उरलेला मी भंगारात गेलो. ठरलंच होतं तसं.

तेव्हा मित्रांनो, मी बोलतोय ते टायरच्या आतून. जुन्या वस्तूंवर माया करा, असं सांगायची पद्धत आहे. करू नका हवं तर. पण त्यांचे तळ बघत जा.

शत्रूच्या पोटात बसलोय. घाट उतरताना ट्यूब मला फटीवर दाबते, खालून रस्त्याचा वारा लागतो. नखभर सरकलो तरी सायकलीचा निकाल लागेल. पण वर ती बसलेली असते. तिचं वजन मला अजून ओळखू येतं. म्हणून जागचा हलत नाही. ती एकदा खाली उतरू दे, मग या सायकलीकडे बघून घेतो. पण काय करू, ही बाई हल्ली उतरायचं नावच घेत नाही.