कोरा उतार

वणव्याचा नकाशा करायला वनखात्याचा कॉर्बिन आला, तेव्हा अख्खं गाव शाळेच्या जेवणघरात जमलं होतं. त्यानं टेबलावर खोऱ्याचा नकाशा पसरला आणि सगळ्यांना लाल टिकल्या वाटल्या. "जे जळून चालणार नाही, त्यावर टिकली लावा. आग आली की या टिकल्या बघूनच ठरणार, आधी काय वाचवायचं आणि बुलडोझर कुठून घालायचे."

घरं, गोठे, पाण्याची टाकी, दफनभूमी, सगळं लाल झालं. कुणीतरी गावातल्या बारवर टिकल्यांची रांगच लावली.

"उत्तरेचा उतार कोराच राहिला की," कॉर्बिन म्हणाला. "तिथं काहीच नाही?"

व्हर्नाच्या बोटावर शेवटची टिकली होती. त्या उतारावर, पाइनच्या झाडांआड, तिच्या सासूची हकलबेरीची झुडपं होती. कुणाच्या लावण्यानं ती येत नाहीत. रानात आपल्या मर्जीनं वाढतात. मोंटानाच्या त्या खोऱ्यात माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल, पण बेरीची जागा सांगणार नाही. सासूनं पोटच्या मुलीला सोडून ती सुनेला दाखवली होती, आणि व्हर्नानं तो मान जन्मभर मिरवला होता. ती पोटची मुलगी, आयडेला, आता शेजारीच उभी होती.

"लाव की वहिनी. अडलीस कशाला?"

व्हर्नानं टिकली आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर चिकटवली.

"घ्या! अंड्यांना पहारा," आयडेला म्हणाली. सगळे हसले. व्हर्नाही हसली.

ऑगस्टात वणवा आला. बुलडोझरांनी उत्तरेच्या उतारावर झाडंझुडपं उपटून उघड्या मातीची रुंद जाळरेषा खणली, आग तिथंच अडली, गावातलं एकही घर जळलं नाही. आभाराच्या जेवणात कॉर्बिन सहज म्हणाला, "उतार कोरा होता म्हणून तिथून काढली. काही असतं तर खिंडीपलीकडून काढली असती. काम तेवढंच पडलं असतं."

व्हर्नानं ताट बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वर गेली. झुडपांच्या जागी उघडी माती होती, मुळं वर आलेली. सासूचा आवाज आठवू नये म्हणून ती मोठ्यानं खोकली.

"कोंबड्या वाचल्या ना?" मागून आयडेला आली होती.

"तुला ही जागा..."

"लहानपणी आईच्या मागं लपूनछपून यायचे. पुढं तिनं तुला दिली, मग मी यायचं सोडलं. बाजारातनं विकत घ्यायचे."

"मग त्या दिवशी तू का नाही लावलीस टिकली?"

"जागा तुझी होती, वहिनी. मी कशी लावणार? मला वाटलं, तू लावशील. हातात तर होती."

व्हर्नाचं तोंड पेटल्यासारखं झालं. इतकी वर्षं नणंदेच्या पानावर ती आपल्या हातची बेरीची पेस्ट्री वाढत आली होती, आणि 'कुठून आणतेस गं?' या प्रश्नावर गालात हसत आली होती. आयडेला प्रत्येक वेळी विचारायची, ते केवळ वहिनीला तेवढं हसता यावं म्हणून.

"चल, माझी जागा दाखवते," आयडेला म्हणाली. "पुढं माझी मला सापडली. लांब आहे, पण शाबूत आहे."

"नको गं," व्हर्ना मातीकडे बघत म्हणाली. "मला दाखवू नकोस."

आयडेलानं आग्रह केला नाही. तेच व्हर्नाला जास्त लागलं.