कणगीतले खेळाडू

आईचा निरोप तिच्या नेहमीच्या पद्धतीचा होता. किन्हवलीच्या बाजारात गोजरमावशी भेटली, तिच्या तोंडी आईने एवढंच सांगून पाठवलं होतं, "मैनेला म्हनावं, येऊन बापाची चित्रं आवर. नायतर मी चुलीत घालते." माझ्या धाकट्या भावाचं, महिपतचं, लग्न माघात ठरलं होतं. लग्नाचा भात ठेवायला घरातली मोठी कणगी हवी होती आणि कणगीत गुडघाभर चित्रं होती. चित्रांवरच भात ओतू म्हटलं तर बाप आडवा यायचा. भात बाहेर पोत्यात आणि चित्रं कणगीत, असं घर सगळ्या शहापूर तालुक्यात दुसरं नसेल.

मी दुसऱ्याच दिवशी मुरबाडकडच्या माझ्या सासरहून निघाले. मला पसारा बघवत नाही. सासरी माझ्या माघारी मला केरसुणी म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणीतरी केरसुणी असावंच लागतं.

माझा बाप, धाऊ, आटगावजवळ रेल्वेत चावीवाला होता. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळांवरून चालायचं आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्याचं काम. तिकडे चढ असल्यामुळे मेलगाड्या धिम्या होतात. साहेबलोक खिडकीतून सिगारेटची रिकामी पाकिटं बाहेर फेकायचे, आणि कधीकधी त्या पाकिटात जाड कागदाचं एक रंगीत चित्र राहिलेलं असायचं, विड्याच्या पानाच्या निम्म्याएवढं. चित्रात कुठल्या तरी खेळातला गडी. बाप ती चित्रं वेचून बंडीच्या खिशातून घरी आणायचा.

सुरुवातीला ती कुडाच्या भेगांत खोचलेली असायची. मग देव्हाऱ्यामागे गेली, मग फळीवर, मग आईच्या कुंकवाच्या पेटीत. आईने पेटीतली काढून अंगणात फेकली तेव्हा बापाने मुकाट्याने वेचली आणि कणगीत नेऊन टाकली. तेव्हापासून कणगी भरत गेली. पुढे जर्मनची लढाई सुरू झाली आणि पाकिटातून चित्रं यायची थांबली. तरीसुद्धा बाप रुळाकडेचं प्रत्येक पाकीट उघडून बघायचा, असं आई म्हणायची.

मी पोचल्या पोचल्या ओटीवर घोंगडी अंथरली आणि पाट्या भरभरून चित्रं बाहेर आणली. वाळवीने खाल्लेली, भिजून एकमेकांना चिकटलेली आधीच वेगळी काढली. मग खेळाप्रमाणे ढीग केले. हातात फळी घेतलेले क्रिकेटवाले एकीकडे, चेंडूला लाथ मारणारे एकीकडे, मग ठोसेवाले, मग घोड्यावरचे. जाळीची बॅट घेतलेल्या काही बायाही होत्या. त्यांचे गुडघे बघून आई म्हणाली, "यांना लुगडी मिळाली नाय का?" आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मी येताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. तो बापापुढे ठेवून सांगितलं, "बा, यात मावतील तेवढी तुझी. बाकीची वाडीतल्या पोरांना."

"बरं," बाप म्हणाला. माझ्या बापाला भांडता येत नाही. तो 'बरं' म्हणतो आणि मनाला येईल तेच करतो.

एकासारखी एक चित्रं बरीच होती. मी त्यातलं एकेक ठेवून बाकीची पोरांच्या ढिगात टाकत होते आणि बाप माझ्या मागून त्या ढिगातली उचलून मांडीखाली सरकवत होता. मी दोनदा बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा मी त्याचा गुडघा उचलला आणि खालची चित्रं ओढली. एक फळीवाला, एक जाडा ठोसेवाला, एक घोड्यावरचा काटकुळा. कुणाचा कुणाशी मेळ नाही. मी चिडले. आवरायला मला बोलावतात आणि मी आवरलं की हा विस्कटतो, हे मला कुठल्याच घरात सहन होत नाही.

"बा, ठेवायचीच तर एका खेळाची ठेव. ही कसली खिचडी?"

बापाने चित्रं माझ्या हातातून घेतली. घोंगडीच्या कडेला एकेक करून ओळीने मांडायला लागला. सावकाश, रुळाच्या चाव्या तपासाव्यात तसा. खेळ त्याने बघितलाच नाही. एक ओळ झाली, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी.

"ही नाकाची," पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला. "ही डोळ्यांची. ही हनवटीची. कान अजून लावायचे हायत."

"कोनाचं नाक?"

आतून, चुलीपासून आईचा आवाज आला. "नवशाचं. आनखी कोनाचं?"

नवशा म्हणजे आमचा सगळ्यात थोरला भाऊ. मिसरूड फुटत होतं तेव्हा तापाने गेला. मी तेव्हा कडेवरून नुकती उतरलेली, आणि महिपत तर आईच्या पोटात. आमच्याकडे त्या काळात कुणाच्या घरी फोटो नव्हता. माणूस गेलं की गेलं. नवशाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला होता, अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला वीर. पण तो वीर घरोघरच्या टाकांवर तोच असतो, त्याला बघून कुणी ओळखीचं आठवत नाही. मला नवशाचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. लोक म्हणायचे, तुला लई जीव लावायचा. मी ऐकून घ्यायची. जीव लावणारा भाऊ आपल्याला आठवू नये याचा मला रागच यायचा, आणि कुणावर काढावा ते कळत नसे.

बाप चित्रांकडे बघत बोलायला लागला. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पयले डोळे मिटले का तो दिसायचा. अख्खा. मंग दिसायचा कमी झाला. नाक दिसलं तर डोळे नाय, डोळे दिसले तर हनवट नाय. मी चालता चालता जुळवायचो, पन बसत नव्हतं. आनि एक दिस मेलमधून पाकीट पडलं. बगतो तर त्याचं नाक. तोंड साहेबाचं, पन नाक आपल्या नवशाचं. मी म्हनलं, असं एकेक करून गोळा होईल. आता चित्रं यायची बंद झाली." मग पोरांच्या ढिगाकडे बघून म्हणाला, "ही पन गेली तर मंग काय उरलं?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तो डबा मागे सरकवला. म्हटलं, राहू दे, लग्नाचा भात मी माझ्या सासरच्या कणगीत ठेवते, लग्नाच्या वेळी गाडी करून आणते.

तेवढ्यात आई हात पुसत ओटीवर आली. घोंगडीपाशी फतकल मारून बसली आणि नाकाच्या ओळीतलं पहिलंच चित्र उचलून तिने पोरांच्या ढिगात टाकलं.

"हे नाक त्याचं नाय. तुमच्या भावाचं, कमळूचं हाय."

बापाने ते ढिगातून परत उचललं, तोवर तिने दुसरं घेतलं होतं.

"हे पन नाय. माझ्या पोराचं नाक काय असं बसकं होतं? आनि हे डोळे? हा तर चोर दिसतो." आई एकामागून एक चित्रं उडवत सुटली. मी इतके दिवस स्वतःला केरसुणी समजत होते. "ही हनवट ऱ्हाऊ द्या. नाय, नको. त्याची खाली खळी होती, बोटाएवढी. तुमी ईसरलात?"

"खळी नव्हती. ती गायीनं मारलं त्याची खूण."

"खळी होती. मी तेल लावलंय त्या तोंडाला."

दोघं भांडायला लागली. बाप, ज्याला भांडता येत नाही तो, कानासाठी भांडला. नाकाची ओळ गेली. डोळ्यांतले दोन राहिले, मग त्यांच्यावरही एकमत होईना. बाप एक चित्र धरी, आई ते सोडवी. आई एखादं पुढे करी, तर बाप म्हणे, "ह्यो नाय, ह्यो कोनीतरी परका." मला दोघांकडे बघवत नव्हतं. एकाच पोराची दोन तोंडं दोघांनी सांभाळून ठेवली होती, आणि आता ती एकमेकांशी ताडून बघायची वेळ आली तर जुळत नव्हती. आईचा हात थांबला. तिलाही ते कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्या पन ध्यानातून गेला का काय?"

हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी पोरांचा ढीग पाटीत भरायला घेतला. भरताना एक चित्र घसरून घोंगडीवर पडलं. ते ठेवावं असं त्यात काही नव्हतं. चेंडूला लाथ मारणारा एक गडी, पाठमोरा. चेंडू लांब पुढे आणि हा त्याच्यामागे पळतोय. टाचा, पोटऱ्या, वाऱ्याने फुगलेला सदरा, आणि एक कान. तोंड नाहीच.

आईने आणि बापाने एकदमच हात पुढे केले.

"ह्यो," बाप म्हणाला.

"ह्योच," आई म्हणाली.

मग कुणी भांडलं नाही. ते चित्र दोघांच्या मध्ये पडून राहिलं, आणि दोघं वाकून बघत राहिली. बापाने मांडलेल्या ओळी आपल्याच तळहाताने गोळा केल्या, नाकं, डोळे, हनवट्या सगळ्या, आणि माझ्या पाटीत टाकल्या. त्याच्या मांडीखाली अजून काही राहिली होती, तीही काढून दिली. मला पाटी जड वाटली.

आईने ते चित्र माझ्याकडे दिलं. "बग गो. तुला काय आठवायचं म्हना, तू एवढीशी व्हतीस. पन तुझा भाऊ असा व्हता."

मी बघायचं म्हणून बघितलं. आधी सदरा दिसला, मग टाचा. टाचांना चिखल नव्हता आणि मला वाटलं, चिखल हवा. हे कुठून आलं ते मला कळेना. मग बांध आला. भाताच्या खाचरांमधला अरुंद बांध, दोन्हीकडे पाणी, माझे पाय घसरतायत, आणि पुढे एक सदरा पळतोय, फुगलेला, लांब लांब जाणारा, आणि मी रडत ओरडतेय, दादा, थांब.

मी चित्र मांडीवर ठेवलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मला कधी रडू आलं नव्हतं त्याच्यासाठी मी आईबापासमोर मोठ्याने रडले.

"काय झालं गो?" आई घाबरली.

"दिसला," मी म्हटलं. "दादा. बांधावरनं पुढं पळत व्हता. मी मागं."

बाप जवळ सरकला. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, मला जे दिसलं ते तिथे तिला दिसेल अशा आशेने.

"थांबला का?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.